डेव्हिएशनखाली पास

सातपूर औद्योगिक वसाहतीत तीन पाळ्यांत आयुष्य काढलेल्यांच्या निवृत्तीचे ठरावीक प्रकार आहेत. कुणी पहाटे त्र्यंबक रोडला फिरायला निघतो, कुणी ग्रॅच्युइटी गावाकडच्या बोअरवेलमध्ये सोडतो, कुणी सोसायटीचा सेक्रेटरी होऊन बाकीच्यांचं रक्त आटवतो. आमच्या कॉलनीतले क्यूसीकाका माशांची पैदास करतात.

मासे पाळणारे वेगळे. ते काचेची एक पेटी आणतात, आत प्लॅस्टिकचा किल्ला ठेवतात आणि वर्षाच्या आत पेटी माळ्यावर जाते. पैदास करणाऱ्याच्या घरात किल्ला नसतो, रंगीत खडीही नसते. तळ उघडाच हवा, घाण दिसली पाहिजे. काकांच्या हॉलमध्ये अँगलच्या रॅकवर एकावर एक टाक्या आहेत, प्रत्येकीत बुडबुडे सोडणारा स्पंज फिल्टर, आणि काचेवर मार्करने लिहिलेला बॅच नंबर. पाहुण्यांना बसायला सोफा आहे, पण सोफ्यावर ड्रम आहे. नळाला येतं गंगापूर धरणाचं पाणी, त्यात क्लोरीन, आणि क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतं. म्हणून पाणी आधी एक दिवस ड्रममध्ये मुरतं. तेवढा वेळ पाहुणे उभे.

काकांची सगळी नोकरी तपासणी खात्यात गेली. वीस मायक्रॉन जास्त दिसले की अख्खा लॉट परत. सातपुरातले छोटे शेडवाले त्यांच्या टेबलासमोर उभे राहायचे तेव्हा शंकराच्या पिंडीसमोर राहावं तसे हात जोडून राहायचे. 'साहेब, डेव्हिएशनखाली पास करा ना,' अशी विनवणी व्हायची. डेव्हिएशन म्हणजे माल मापात नाही, पण चालवून घेऊ, असं सहीनिशी लिहून देणं. काकांनी ती सही कधी केली नाही. निरोपसमारंभात साहेबांनी हेच कौतुकाने सांगितलं तेव्हा टाळ्या फक्त पुढच्या रांगेत वाजल्या. व्हेंडर मागच्या रांगेत होते.

तीच भाषा आता टाक्यांना लागली आहे. गप्पीची मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं टाकते, साधारण महिन्याला एक खेप, एका खेपेला वीस-तीस तरी. काका त्याला 'डिस्पॅच' म्हणतात. पिल्लं टाकून झाली की आई तीच गिळायला लागते, म्हणून तिला ताबडतोब हलवतात. ते 'लाइन क्लिअर'. एकदा त्यांनी नात्यातल्या मुलाकरवी कुर्ल्याच्या शोभेचे मासे विकणाऱ्यांकडून निळ्या जातीची मादी मागवली, आपल्या निळ्या नराशेजारी सोडली, आणि पिल्लं निघाली करड्या रंगाची. गप्पीची मादी नराचं बीज पोटात महिनोन्‌महिने साठवते आणि एका मीलनावर अनेक बाळंतपणं काढते. काकांनी हे वाचून काढलं, चष्मा पुसला आणि वहीत नोंद केली : 'जुन्या ऑर्डरीचा माल अजून डिलिव्हर होतोय.'

फायटर माशाचं प्रकरण आणखी अवघड. तिथे नर पाण्यावर फेसाचं घरटं बांधतो, खाली पडणारी अंडी तोंडाने उचलून त्यात ठेवतो आणि मादीला हाकलून देतो. ती वेळेत बाहेर काढली नाही तर मारतोही. 'बघा, बाप असून सगळं करतो,' असं काकूंनी म्हटलं की काका पाण्याचं तापमान बघायला लागतात. पण खरी पंचाईत पुढे. नर वयात आले की एकमेकांच्या शेपट्या फाडतात, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र बरणी लागते. एका खेपेला पन्नास नर निघाले तर पन्नास बरण्या! काकूंचं लिंबाचं लोणचं आता स्टीलच्या डब्यात आहे आणि डब्याला भोकं पडायला लागली आहेत. नाशिकच्या थंडीत निफाडचे बागायतदार द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात. काका टाक्यांना थर्माकोल लावतात, वर काकूंची गोधडी घालतात आणि हीटर सुरू करतात. विजेचं बिल आलं की काकू ते न बोलता टाकीच्या काचेला चिकटवतात, बॅच नंबरशेजारी.

मध्यंतरी महापालिकेचा हिवताप विभागाचा माणूस साचलेलं पाणी तपासायला आला. गॅलरीतल्या बादलीत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. 'काका, हे काय?'

'त्या मोकाट नाहीत,' काका म्हणाले, 'पाळीव आहेत. फायटरला जिवंत खाद्य लागतं.' गप्पी अळ्या खातात म्हणून पालिका ते लोकांना वाटते, आणि इथे मासे वाढवायला अळ्या वाढत होत्या. बराच वेळ कायद्याची चर्चा झाली. शेवटी बादलीवर जाळी बांधायची आणि अळ्यांना पंख फुटायच्या आत त्या खपवायच्या, असं ठरलं. जाताना तो माणूस पिशवीत गप्पीच्या दोन जोड्या घेऊन गेला. म्हणाला, घरी मुलगी मागते.

धंद्याचं म्हणाल तर कागदावर उत्तम आहे. दहा माद्या, महिन्याला तीस पिल्लं, तीन महिन्यांत तीही बाळंतीण. या हिशोबाने काका एव्हाना वसाहतीतला एखादा प्लॉट विकत घेऊ शकले असते. प्रत्यक्षात दुकानदार रोख देत नाही. दहा जोड्यांच्या बदल्यात खाद्याचं पाकीट, एखादा एअरपंप किंवा 'पुढच्या वेळी बघू' मिळतं. मुळात दुकानापर्यंत माल पोचतच नाही. शेपूट एका बाजूला झुकलेली, पाठीत बाक, रंग फिका, की काका जाळीने मासा उचलतात आणि 'रिजेक्ट' लिहिलेल्या टाकीत सोडतात. जात शुद्ध राखायची तर पैदास करणाऱ्याला हे करावंच लागतं. दुकानदाराने एकदा सुचवलं, 'ते रिजेक्ट मला द्या. ऑस्कर, अरोवाना अशा मोठ्या माशांना खायला गप्पीच घालतात, स्वस्तात उचलतो.' काकांनी पिशवी उचलली आणि त्या दुकानाची पायरी पुन्हा चढले नाहीत.

परिणाम व्हायचा तोच झाला. रिजेक्टची एक टाकी होती, तिच्या चार झाल्या. चांगला माल खालच्या कोपऱ्यातल्या एका टाकीत, बाकी रॅकभर वाकडे, कुबडे, एकडोळे. त्यांना खाद्य दोनदा, चांगल्यांना एकदा. 'त्यांना पोहायला कष्ट जास्त पडतात,' असा काकांचा खुलासा. गेल्या दिवाळीत तर त्यांनी 'रिजेक्ट' पुसून मार्करने नवं लेबल लिहिलं : 'डेव्हिएशनखाली पास'. खाली सही, तारीख.

नेमका त्याच आठवड्यात एक जुना शेडवाला आला. नव्या ऑफिसात टाकी ठेवायची होती, कुणीतरी काकांचं नाव सांगितलं होतं. ड्रमला वळसा घालून तो रॅकसमोर उभा राहिला आणि लेबल वाचत राहिला. पाठीत काटकोन असलेली एक गप्पी बुडबुड्यांभोवती आनंदाने गिरक्या घेत होती.

'साहेब,' तो म्हणाला, 'माझे बुश पंधरा मायक्रॉनला परत पाठवले होते तुम्ही. तीन वेळा. लेथ विकावी लागली मला.'

काकांनी चिमूटभर खाद्य पाण्यावर टाकलं. अख्खी टाकी वर धावली.

'तुझे बुश कधी असे आले होते का रे जवळ?'