केसगळतीला घाबरावे कसे? नवशिक्यांसाठी धडे

काही अडाणी लोक फणीतले केस काढतात, केरात टाकतात आणि कामाला लागतात. अशांना सुधारण्यासाठी हा छोटा अभ्यासक्रम.

१. आधी मोजा. त्यासाठी चार दिवस डोक्यावरून पाणी घेऊ नका. माणसाचे रोज ५० ते १०० केस गळतातच. चार दिवसांचे अडकलेले एकदम मोरीच्या जाळीवर येतील. "एका अंघोळीत अडीचशे!" असं ओरडायला याहून चांगला मुहूर्त नाही. डोक्यावर लाखभर असतात, हे मात्र बोलू नका. मजा जाते.

२. एक केस उजेडात धरा. टोकाला पांढरा ठिपका दिसला की "मुळासकट आला!" म्हणून मटकन खाली बसा. मूळ कातडीतच असतं. हा केस दोन ते सहा वर्षं वाढला, तीनेक महिने नुसता बसून राहिला आणि रीतसर निवृत्त झाला. त्याची जागा घ्यायला दुसरा तयारही असेल, पण त्याच्याकडे बघायचं नाही.

३. आता गुन्हेगार पकडा. जे कालपरवा बदललं, तेच दोषी: नवा शाम्पू, टँकरचं पाणी, फारच अडलं तर सून. तीन महिन्यांपूर्वीचा डेंग्यू, बाळंतपण, लग्नासाठी केलेली उपासमार, यांचा विषयही काढू नका. शरीर असल्या धक्क्याची वसुली दोन-तीन महिन्यांनी करतं आणि पुढच्या काही महिन्यांत केस बहुधा आपले आपण परत येतात. धोका इथेच आहे! ते येण्याआधी घाईघाईने तेल सुरू करा, नाहीतर श्रेय कुणाला द्यायचं?

४. तेल घरीच उकळा. माका, जास्वंद, कढीपत्ता, वडाच्या पारंब्या. वर कांद्याचा रस. मी केलं होतं. केसांचं सांगता येत नाही, उशीचा अभ्रा मात्र अजून हिरवा आहे. लोकलमध्ये शेजारची जागा रिकामी राहते, हा गुण अनुभवसिद्ध.

५. तरी भागेना तर गोटा करा. वस्तरा मुळापर्यंत पोचत नाही, पण कापलेले खुंट हाताला राठ लागतात. त्यालाच "दाट आले" म्हणायचं.

आता भांग खरोखरच रुंद होतोय किंवा रुपयाएवढी चाई पडलीय, असं दिसलं तर? घाबरायचं नाही. फोटो घरच्या ग्रुपवर टाका आणि सहा महिने मावश्यांची उत्तरं वाचा. त्वचेच्या डॉक्टरांकडे अगदी शेवटी जा. त्यांनी मिनॉक्सिडिल दिलंच, तर एवढं लक्षात ठेवा: पहिल्या काही आठवड्यांत गळती थोडी वाढू शकते, फरक दिसायला चारेक महिने लागतात. म्हणून तिसऱ्याच आठवड्यात बाटली फेका आणि पुन्हा मोजायला बसा.