भाकरी उलटेपर्यंत

चांगला सिनेमा घरी बघू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तो माणसाला जागचं हलू देत नाही. ‘सामना’ लावावा, डॉ. लागूंचा दारुडा मास्तर आता काहीतरी बोलणार म्हणून आपण सरसावून बसावं आणि नेमकी कुकरची शिट्टी व्हावी. मग कुकरचा राग येतो, कुकर लावणारीचा येतो आणि तो राग दिसला की पुढचे दोन दिवस वरण पातळ होतं. घरी बघायचा सिनेमा असा हवा, की मध्येच उठून भाकरी उलटून यावी आणि परत टेकल्यावर फार तर “मेला का?” एवढंच विचारावं लागावं. बसलेल्यांनीही मान न वळवता “नाही अजून, आता मरंल” एवढंच सांगावं.

या कसोटीला उतरणारे सिनेमे मराठीत भरपूर आहेत. त्यांना ना पुरस्कार मिळाले, ना कुणी त्यांच्यावर लेख लिहिले. दुपारी कुठल्यातरी वाहिनीवर ते लागतात आणि घरात कुणीतरी जेवत असतं म्हणून बघितले जातात. माझं निम्मं सांस्कृतिक जीवन त्यांच्यावर पोसलेलं आहे. उरलेलं निम्मं मासवडीवर.

मी शिरूरचा. जुनी माणसं गावाला अजून घोडनदीच म्हणतात. बायको दौंडची. आमच्याकडे पुणे-नगर रस्ता आहे, रेल्वे नाही. दौंडला आधी रेल्वे आहे, मग गाव. सासुरवाडीला जायचं तर न्हावरा, चौफुला करत जावं लागतं. चौफुल्याला कला केंद्रांच्या पाट्या दिसायला लागल्या, की बायको मला समोर रस्त्याकडे लक्ष द्यायला सांगते. गाडी तीच चालवत असते, तरीही.

सासरे, म्हणजे आमचे मामा, रेल्वेत गार्ड होते. त्या घरात घड्याळ होतं, पण ते भिंतीला शोभा म्हणून. पुण्याची शटल आली की चहा, अमुक मालगाडी गेली की भात टाकायचा. गाडी लेट असेल त्या दिवशी भातही लेट. गार्ड सगळ्यात मागच्या डब्यात असतो. गाव, पूल, फाटक, सगळं मागे पडून गेल्यावर त्याला सावकाश दिसतं. मामांना नवे सिनेमे का चालत नाहीत, याचं याहून पटणारं कारण मला सापडलेलं नाही. शिवाय मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन दौंडला पुढून काढून मागे लावताना त्यांनी जन्मभर बघितलेलं. त्यामुळे सिनेमा मध्यापासून बघितला काय किंवा शेवटाकडून सुरुवातीकडे आला काय, त्यांचं काही अडत नाही.

उलटा सिनेमा मीही बघितलेला आहे. आमच्या तालुक्यात यात्रा-जत्रांना तंबूतला सिनेमा यायचा. पुढे बसायला पैसे कमी पडले, की आम्ही पोरं पडद्याच्या पाठीमागे जायचो. कापड पातळ असल्यामुळे मागूनही सगळं दिसायचं, फक्त डावं-उजवं बदललेलं. ‘पांडू हवालदार’ १९७५ चा. माझ्या वाट्याला तो काही वर्षांनी आला आणि मागूनच आला. त्यात दादा कोंडके डाव्या हातानं सलाम ठोकायचे. पुढे टीव्हीवर त्यांना उजव्या हातानं सलाम करताना बघून मला चुकल्यासारखं वाटलं. अशोक सराफांचा भांगही मला आजतागायत विरुद्ध बाजूला वाटतो.

आमच्या मामींची, म्हणजे सासूबाईंची, सिनेमे लक्षात ठेवायची पद्धत मी दुसरीकडे कुठे बघितलेली नाही. त्यांना नाव आठवत नाही, साल आठवत नाही, कोण कुणाची सावत्र बहीण होती तेही नाही. त्या दिवशी काय शिजलं होतं, ते मात्र पक्कं. ‘माहेरची साडी’ म्हणजे शेंगदाण्याची आमटी. ती खारट झाली होती, पण सगळेच रडत असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. ‘धुमधडाका’ला कुरडया तळल्या होत्या. ‘हा खेळ सावल्यांचा’ म्हणजे शेंगोळी.

या शेंगोळ्यांबद्दल सांगायलाच हवं. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरं, मिरची घालून घट्ट मळायचं, तेलाच्या हातानं त्याच्या वळ्या वळायच्या, टोकं जुळवायची आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायच्या. पीठ सुटून रस्सा आपोआप दाट होतो. थंडीत हे खाऊन जो माणूस उद्योगाला जातो म्हणेल, त्याच्या प्रकृतीची चौकशी करावी. मामी शेंगोळी वळताना हाताकडे बघत नाहीत. परात मांडीशी, नजर टीव्हीवर. त्यामुळे सिनेमा कसा आहे हे परातीतही कळतं. नायिका गाणं म्हणत होती तोवर शेंगोळी बेतशीर आणि एकसारखी होती. नरसूचं भूत येणार म्हटल्यावर ती लांबत गेली. ऐन भुताच्या वेळी भारनियमनानं दिवे गेले. अंधारात कुणी काही बोललं नाही, फक्त वळण्याचा आवाज येत राहिला. वीज आली तेव्हा सिनेमा संपून शेतीचा कार्यक्रम लागला होता आणि परातीत वीतभर लांबीचं एकच शेंगोळं पडलं होतं. ते मला वाढलं. जावई ना मी.

आमच्याकडच्या मासवडीला मात्र दौंडात मान नाही. तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण यांचं सारण, वर बेसनाचं आवरण, ओल्या फडक्यावर थापून दुमडायचं, कापून काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्श्याबरोबर वाढायचं. माझ्या आईनं अर्धा दिवस खपून ती केली होती. भीमेच्या माशांवर वाढलेल्या मामांनी पहिली वडी उलटीपालटी करून बघितली आणि “पाव्हणं, यात मासा कुठाय?” असं विचारलं. दुसऱ्या ताटानंतर मात्र त्यांनी ती चौकशी बंद केली.

भुताचे सगळेच सिनेमे घाबरवणारे नसतात. ‘एक डाव भुताचा’ हा १९८२ चा सिनेमा मला नावाजलेल्या कित्येक सिनेमांपेक्षा जास्त आवडतो. पटकथा-संवाद द. मा. मिरासदारांचे, आणि त्यात हेडमास्तरही तेच झालेले. दिलीप प्रभावळकर गरीब मास्तर, अशोक सराफ शिवकाळातलं भूत. भूत असं, की त्याला घरी जेवायला बोलवावं. ‘सामना’ बर्लिनच्या महोत्सवात गेला होता, हे मी मामांना एकदा आदरानं सांगितलं. “गेला असंल,” मामा म्हणाले, “पण परत परत बघावा वाटतो तो हा.” ‘सामना’त मामा मध्यंतरालाच झोपले होते, हे इथे नमूद करतो. साखर कारखान्यांच्या मुलखातला माणूस त्यातल्या साखरसम्राट हिंदूराव धोंडे पाटलांना बघून दचकत नाही.

प्रभावळकरांवरून आमच्याकडे वेगळाच घोळ झाला. मामींनी त्यांना आधी ‘चिमणराव’मध्ये बघितलं होतं. मग १९९३ ला ‘झपाटलेला’ आला. तात्या विंचू हाच माणूस, हे कळल्यावर त्यांनी चिमणरावावरचा विश्वास काढून घेतला. पुढे हाच माणूस ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधले आबा झाला. नातवंडांशी बोलतो, घरातल्या घरात गंमत करतो, कुणाचा गळा दाबत नाही. मामींचा राग निवळायला लागला. २००६ मध्ये ‘लगे रहो मुन्नाभाई’त तोच माणूस गांधीजी म्हणून समोर आला. मामींनी हात जोडले आणि म्हणाल्या, “सुधारला बाई शेवटी.”

टिपरे लोकांना हवे असतानाच थांबले. ते सगळ्यांना जमत नाही. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ला सुरू झाली, २०१३ पर्यंत चालली आणि तीन हजारांच्या वर भाग झाले. चार दिवसांचे एवढे होत असतील तर सुनेचे किती, हा हिशेब करायला मामांनी पेन्सिल मागितली होती. मालिकांना लोक गुऱ्हाळ म्हणतात तेव्हा मला दौंड तालुक्याच्या वतीनं वाईट वाटतं. केडगावच्या बाजूला खरी गुऱ्हाळं आहेत. तिथे रस काही तास उकळतो, मळी निघते, पाक वाफ्यात ओततात आणि शेवटी गूळ हातात येतो. मालिकेत तसा गूळ मी अजून बघितलेला नाही. तरी आम्ही त्या बघितल्या. भाकरीच्या कसोटीला त्या इतक्या उतरतात, की भाकरी उलटून काय, बाजरी पेरून आलं तरी चालतं.

पुण्यात लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ मध्ये सुरू झालेलं. तिथे जुने सिनेमे जमवणाऱ्या पी. के. नायरांबद्दल वाचलं तेव्हा मला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. सिनेमा चांगला की वाईट हे आपण ठरवू नये, मिळेल तो ठेवावा, असं त्यांचं धोरण. आपल्याकडे हजाराहून जास्त मूकपट निघाले. त्यातले त्यांच्या हाती लागले ते बोटांवर मोजण्याएवढे. बाकीच्यांची रिळं कुठे जळाली, कुठे सडली, कुठे त्यांतली चांदी काढायला विकली गेली. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये २००३ च्या जानेवारीत आग लागली, त्यात प्रभातच्या सिनेमांची जुनी रिळं गेली. मुंबई दूरदर्शन १९७२ ला सुरू झालं, पण टेप महाग, म्हणून एक कार्यक्रम पुसून त्याच टेपवर दुसरा घ्यायचे. हे मी मामींना सांगितलं. त्या उठल्या आणि त्यांनी फळीवरून कुरडयांचा डबा काढला. गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यातल्या होत्या. “वाया नाही जाऊ देत मी,” एवढंच म्हणाल्या आणि तेल तापत ठेवलं. फुलल्या त्या, चांगल्या दुप्पट.

मागच्या दिवाळीत मेव्हण्याच्या मुलानं, जो हिंजवडीला कामाला आहे, आजी-आजोबांच्या टीव्हीला सगळे नवे प्रकार जोडून दिले. मामींना कोरियन मालिका आवडल्या. भाषा कळत नाही, पण प्रत्येक भागात माणसं मनापासून जेवतात, हे त्यांना पटलं. “ते लांब लांब आहे ना, ते कच्चं राहिलंय,” असं मार्गदर्शनही त्या करतात. मामांचं मात्र बिनसलं. एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होतो, हे बघून ते उठून उभे राहिले. “मी झेंडा दाखवलेला नाही,” ते म्हणाले, “गाडी हललीच कशी?”

तेव्हापासून त्यांनी एका सिनेमाचा शोध लावून धरला आहे. नाव माहीत नाही. त्यात कुणीतरी विहिरीत पडतं. निळू फुले आहेत, पण त्याचा शोधाला काही उपयोग नाही. त्या काळात निळू फुले नसलेला सिनेमा सांगितला असता तर लवकर सापडला असता. नातवानं फोनला विचारलं, फोननं विहिरी खोदणाऱ्यांचे नंबर दिले. शेवटी प्रकरण मामींच्या पद्धतीवर आलं. त्या दिवशी हुरड्याची थालीपिठं होती, असं मामींचं म्हणणं. नाही, माशाचा रस्सा होता, मामा ठाम.

“रस्सा असता तर काटे काढायला मान खाली घालून बसला असता,” मामी म्हणाल्या. “विहिरीत पडताना दिसलं कसं मग तुम्हाला?”

मामांनी थोडा विचार केला.

“म्हणून तर कोण पडलं ते आठवत नाही,” ते म्हणाले.