सेवेचा सीझन

जून लागला की लखनौजवळ मलिहाबादचा दशहरी आंबा पिकतो आणि चारबाग स्टेशनाबाहेर एखाददुसरा परदेशी स्वयंसेवक दिसू लागतो. दोघांनाही चाळिशीपलीकडचं ऊन लागतं. आंबा त्यात गोड होतो, स्वयंसेवक लाल.

हल्ली त्यांच्यात आपल्या घरची मुलंही असतात. न्यू जर्सीत वाढलेला, मराठी कळणारा पण उत्तर इंग्रजीत देणारा, मेडिकलच्या प्रवेशअर्जातला समाजसेवेचा रकाना अजून कोरा असलेला कुणी चिरंजीव. सुट्टीत त्यानं सांगलीला जाऊन आजीचा रक्तदाब मोजला तर ती समाजसेवा धरत नाहीत. आजी अनोळखी असावी लागते आणि शक्यतो गरीब. म्हणून लखनौ. तिथे ‘सामुदायिक आरोग्य प्लेसमेंट’ मिळते. मुदत दोन ते चार आठवडे, राहणं-जेवण, विमानतळावर घ्यायला गाडी आणि शनिवार-रविवारी आग्रा. एक्सप्रेसवे झाल्यापासून आग्रा तीनशे किलोमीटरवर आलं आहे, म्हणजे ताजमहाल सेवेच्या फारसा आड येत नाही.

या व्यवहारात काम करणारा पैसे भरतो, काम देणारा पैसे घेतो आणि ज्याच्यासाठी काम व्हायचं त्याचा फोटो निघतो. तो फोटोही त्याच्याकडे राहत नाही.

आपल्या गृह मंत्रालयाला मात्र हे सगळं आधीच कळलेलं आहे. ई-पर्यटक व्हिसावर काय काय करता येतं याच्या यादीत स्थलदर्शन आहे, नातेवाइकांच्या गाठीभेटी आहेत, योगाचा छोटा अभ्यासक्रम आहे आणि त्याच रांगेत, मोबदला न घेता जास्तीत जास्त एक महिना, स्वयंसेवा आहे. एवढी नेमकी टीका एखाद्या सरकारी कागदानं क्वचितच केली असेल, आणि तीही न हसता.

आता चिरंजीव तिथे करणार काय? आपल्याकडे उपचार करायचे तर नोंदणी लागते. पदवी घेतलेल्या परदेशी डॉक्टरलासुद्धा तात्पुरती परवानगी काढावी लागते. चिरंजीव तर अजून पहिल्या पायरीवरही नाहीत. तेव्हा ते ‘जागृती’ करतात. ज्या शहरात किंग जॉर्ज मेडिकल कॉलेज (आताचं विद्यापीठ) १९११ पासून डॉक्टर घडवतं आहे, जिथल्या संजय गांधी पीजीआयमध्ये जागा मिळावी म्हणून लोक लांबलांबून येऊन थांबतात, त्या शहराच्या वेशीवरच्या गावात एकोणीस वर्षांचा मुलगा हात कसे धुवावेत याचं प्रात्यक्षिक देतो. समोर बसलेल्या बायकांची तीन-तीन मुलं वाढवून झालेली असतात. पण लखनौची तहजीब अशी की पाहुण्याला मध्येच तोडायचं नाही. त्या शेवटपर्यंत ऐकतात, मान डोलावतात, चहा पाजतात. चिरंजीव रात्री डायरीत लिहितात की लोकांचा प्रतिसाद उत्तम होता.

मोहनलालगंज असो की काकोरी, त्याला गावात नेणारी, दारं उघडायला लावणारी, त्याचं बोलणं अवधीत समजावून सांगणारी आणि ऊन लागून तो आडवा झाला की ओआरएस पाजणारी बाई असते. तिकडे तिला ‘आशा बहू’ म्हणतात. आपल्याकडची आशाताई, तीच ही. कुणाला कितवा महिना आहे, कुणाचं लसीकरण चुकलं, कोणत्या घरात सासू दवाखान्याला नाही म्हणते, हे सगळं हिच्या रजिस्टरात आणि त्याहून जास्त हिच्या डोक्यात. रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या की फोन तिलाच जातो.

आणि गंमत अशी की सरकारदरबारी तीही स्वयंसेविकाच आहे! २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, हजार लोकवस्तीमागे एक आशा ठरली आणि तिला पगार नाही, केलेल्या कामागणिक मोबदला द्यायचा असं ठरलं. मार्गदर्शक सूचनांत तिचं काम दिवसाला दोन-तीन तास, आठवड्यातून साधारण चार दिवस एवढंच धरलं होतं. बाळंतपणं आठवड्यातल्या ठरलेल्या चार दिवशीच होतील असा दिल्लीचा अंदाज असावा. उत्तर प्रदेशच्या ग्रामीण भागात गरोदर बाईच्या तपासण्या करवून घेऊन तिला दवाखान्यात बाळंतपणासाठी नेलं की जननी सुरक्षा योजनेतून आशाला सहाशे रुपये. बाळ घरी आलं की बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा जाऊन त्याचं वजन, ताप, श्वास बघायचा. त्याचे मिळून २५० रुपये. म्हणजे भेटीला बेचाळीस रुपयेही पडत नाहीत. ठरावीक कामांचा महिन्याचा मोबदला २०१८ मध्ये एकदम दुप्पट झाला. दुप्पट म्हणजे हजाराचे दोन हजार. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या दहा लाखांहून अधिक आशांना पुरस्कार दिला. सर्वत्र अभिनंदन झालं. नोकरी मात्र पुरस्कारासोबत आली नाही.

तर एकाच गल्लीतून हे दोन स्वयंसेवक चाललेले असतात. एकजण या मानासाठी लाखाच्या घरात पैसे मोजून आलेला, आणि दुसरीला हा मान यासाठी दिलेला की पैसे मोजावे लागू नयेत.

‘जागृती’चा जो तक्ता चिरंजीव हातात धरतात, त्यात नवजात बाळ उबेत ठेवा, लगेच आंघोळ घालू नका, आईचं दूध लगेच सुरू करा असं लिहिलेलं असतं. हे ज्ञान कुठून आलं हे त्यांना कुणी सांगत नाही. त्यातलं बरंचसं आपल्या गडचिरोलीतून आलं. अभय आणि राणी बंग यांनी तिथल्या गावच्या बायकांना घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरल्याचा अहवाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पुढे तीच पद्धत देशभरच्या आशांकडे आली. लखनौच्या शेजारी, रायबरेली जिल्ह्यातल्या शिवगढमध्येही गावातल्याच माणसांच्या हातून असा प्रयोग झाला. तिथली ५४ टक्क्यांची घट २००८ मध्ये त्याच नियतकालिकात आली. थोडक्यात, गडचिरोलीच्या बाईचं शहाणपण लंडनला छापून, न्यू जर्सीमार्गे, भाषांतर होऊन काकोरीच्या बाईला परत मिळतं आहे. वाहतूक खर्च बघा.

परदेशी जाऊन सेवा करूच नये असं म्हणणारा माणूस सोलापूरला तोंड दाखवू शकणार नाही. १९३८ मध्ये काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक चीनला धाडलं, त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे चोळकरही. कोटणीस आधी डॉक्टर झाले, मग गेले. चिनी भाषा शिकले. बरोबरचे काहीजण परतले तरी ते थांबले, १९४१ मध्ये डॉ. नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. त्यांच्या प्लेसमेंटमध्ये शनिवार-रविवार नव्हता. आणि जामखेडला आरोळे दांपत्यानं १९७० मध्ये जे काम उभं केलं, ते पाहायला परदेशातून माणसं येतात ती उघडपणे शिकायला येतात. गावच्या आरोग्यसेविकेसमोर वही उघडून बसतात. त्यात काही कमीपणा नाही. उलट तिथे कोण कुणाला शिकवतंय याचा घोळ होत नाही.

खुद्द लखनौला तर दानधर्म कसा करावा हे कुणी सांगायलाच नको. १७८४ च्या दुष्काळात नवाब आसफउद्दौलानं बडा इमामबाडा बांधायला काढला तो लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून. आख्यायिका अशी की धुळीला मिळालेले खानदानी लोकही मजुरीला यायचे. त्यांचे चेहरे ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांचं काम रात्री, अंधारात चाले. आता सेवेला उजेड लागतो, नाहीतर फोटो काळा येतो.

माझं म्हणणं साधं आहे. चिरंजीव लखनौला शिकायला जातात, तेव्हा फी शिकवणाऱ्या बाईला मिळावी. प्रमाणपत्रावर सही आशा बहूची असावी आणि नापास करायचा अधिकारही तिलाच असावा. त्यामुळे तिची नोकरी पक्की होणार नाही, ते काम सरकारचंच आहे आणि वीस वर्षं टाळूनही ते सरकारचंच राहणार आहे. पण न्यू जर्सीच्या आईबाबांना एक गोष्ट आज करता येईल. प्लेसमेंटचे पैसे भरण्याआधी संस्थेला एक ओळ लिहून विचारा, यातले गावातल्या आशाला किती जातात? आकड्यात उत्तर येईपर्यंत कार्ड पाकिटातच राहू द्या.