दाढेवरचा मक्ता

फेब्रुवारी 2007. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात 12 वर्षांचा एक मुलगा किडलेल्या दाढेपायी गेला. दाढेतला पू मेंदूपर्यंत पोचला होता. मेंदूवर दोन शस्त्रक्रिया झाल्या, खर्च अडीच लाख डॉलरच्या घरात गेला, तरी मूल वाचलं नाही. ती दाढ वेळेत काढायला साधारण 80 डॉलर पुरले असते. पण गरिबांच्या सरकारी विम्यावर उपचार करणारा डेंटिस्ट मिळवता मिळवता तिथल्या आया थकतात.

आणि त्या सुमारास अमेरिकेतल्या डेंटिस्टांची संघटना कोर्टात भांडत होती. अलास्कात मूळ रहिवाशांची अशी गावं आहेत, जिथे रस्ता जात नाही; लहान विमान नाहीतर होडी. त्यांच्या आरोग्यसंस्थेने स्थानिक तरुणांना न्यूझीलंडला पाठवलं, दात भरायला आणि काढायला शिकवून परत आणलं. संघटनेने 2006 साली दावा लावला, की ही विनापरवाना दंतवैद्यकी आहे. 2007 मध्ये निकाल मूळ रहिवाशांच्या बाजूने लागला. त्या दाव्याचा मला आजही संताप येतो. या गावांत मुक्कामाला डेंटिस्ट जात नाहीत आणि जो जातो त्याला अडवायला वकील पाठवतात.

रुग्णाच्या जिवाशी खेळ नको, हा संघटनेचा मुद्दा. मुद्दा रास्त आहे, पण त्याचं उत्तर फार आधी मिळालेलं आहे. न्यूझीलंडने 1921 पासून शाळांसाठी खास परिचारिका तयार केल्या. त्या मुलांचे दात भरत, गरज पडली तर काढत. पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या पोरांचे दात त्यांनीच सांभाळले.

मला सगळ्यात पटतो तो मिनेसोटाचा मार्ग. त्या राज्याने 2009 साली कायदा करून डेंटल थेरपिस्ट हे नवं पद निर्माण केलं. तिथल्या एका सरकारी विद्यापीठाने तर दात साफ करणाऱ्या परवानाधारक हायजिनिस्टनाच पुढचं शिक्षण देऊन त्यासाठी तयार केलं. वरच्या पायरीवर जायचं तर 2,000 तास डेंटिस्टच्या देखरेखीखाली काम करावं लागतं. दात भरणं, दुधाचे दात काढणं पहिल्या पायरीवरही चालतं; वरच्या पायरीवर पार हललेला पक्का दातही काढता येतो. काय करायचं, काय नाही, याचा लेखी करार डेंटिस्टशी असतो आणि एका डेंटिस्टला पाचांहून जास्त करार करता येत नाहीत. काम मुख्यतः गरिबांसाठी आणि जिथे डेंटिस्ट कमी तिथे. एवढी कुंपणं घातल्यावरही जिवाला धोका म्हणणाऱ्यांना खरी काळजी कशाची आहे, हे त्यांनी सरळ सांगावं.

एरवीही हायजिनिस्ट अर्धा-पाऊण तास रुग्णाच्या तोंडात डोकावत असते. कीटण काढताना दाढेतलं काळं भोक तिला दिसतं. ती म्हणते, डॉक्टरांची वेळ घेऊन पुन्हा या. रोजंदारीवरच्या माणसाचं ते ‘पुन्हा’ होत नाही. एक खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी. सहा महिन्यांनी तो येतो तेव्हा गालफड सुजलेलं असतं. तिला शिकवलं असतं, तर ते भोक त्याच बैठकीत बुजलं असतं.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. दरवर्षी हजारो बीडीएस बाहेर पडतात, पाट्या मात्र शहरात लागतात. दात भरणारे कमी नाहीत, म्हणून हायजिनिस्टला तो अधिकार देणं ही आपली पहिली गरज नाही. भारतात 1948 च्या कायद्यातच डेंटल हायजिनिस्ट आली. दात साफ करायचे आणि निगा कशी राखायची ते सांगायचं, एवढंच तिचं काम. खेड्यातल्या किती जणांनी ती पाहिली आहे? आणि इथे बायका वर्षानुवर्षं हिरड्यांना मिश्री लावतात, पुरुषांच्या गालात तंबाखूचा बार असतो. हायजिनिस्टना वर्षभराचं जादा शिक्षण द्या, ग्रामीण रुग्णालयाच्या डेंटिस्टशी जोडा, आठवडी बाजाराच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात बसवा. गालात कर्करोगाची शंका यावी असा पांढरा चट्टा दिसला, की थेट तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयाला चिठ्ठी लिहायचा अधिकार तिला असू द्या आणि ती चिठ्ठी नेणाऱ्या बाईला पुन्हा रांगेत उभं करू नका.