कारण सांगा, मगच फॉरमॅट मारा

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट विंडोजची सुरक्षा अपडेट सोडते. ही पद्धत ऑक्टोबर २००३ पासूनची. अपडेट निघतं तेव्हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजलेले असतात आणि आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. म्हणून आपले लॅपटॉप बुधवार-गुरुवारी रिस्टार्ट मागतात, आणि त्यातले काही आठवडा संपायच्या आत दुरुस्तीच्या दुकानात पोचतात. तक्रार ठरलेली: अपडेट झालं आणि लॅपटॉप हँग व्हायला लागला. निदानही ठरलेलं: फॉरमॅट मारावा लागेल.

या निदानाला माझा ठाम विरोध आहे. फॉरमॅट मारला की सी ड्राइव्ह पुसला जातो. बहुतेकांच्या फाइली डेस्कटॉपवर, डाउनलोड्समध्ये, डॉक्युमेंट्समध्ये असतात, म्हणजे सी ड्राइव्हवरच. त्यात मुलीच्या प्रकल्पाचा अहवाल असतो, सोसायटीचे हिशेब असतात, आईच्या शस्त्रक्रियेचे कागद असतात, टायपिंगवर घर चालवणाऱ्या बाईचं महिन्याभराचं काम असतं. हे पुसण्याआधी मालकाला एका प्रश्नाचं उत्तर मिळायलाच हवं: लॅपटॉप नेमका कशामुळे अडकतोय? ‘अपडेटमुळे’ एवढं सांगून भागत नाही. अपडेटमधल्या कशामुळे?

कारण असतं आणि ते सापडतं. ऑगस्ट २०१६ मध्ये विंडोज १० चं वर्धापनदिनाचं मोठं अपडेट आलं आणि अनेक संगणक जागच्या जागी गोठले. ज्यांचं विंडोज एसएसडीवर आणि प्रोग्रॅम किंवा फाइली दुसऱ्या डिस्कवर होत्या, अशी ती यंत्रं होती. एप्रिल २०१८ च्या अपडेटनंतर क्रोम उघडलं की काही लॅपटॉप अडकत. मायक्रोसॉफ्टने दोष कबूल केला आणि ८ मे रोजी दुरुस्ती दिली. २०२२ मध्ये काही एएमडी प्रोसेसरवाले संगणक मधूनच क्षणभर अडखळत. मूळ निघालं मदरबोर्डवरच्या सुरक्षा-व्यवस्थेत, आणि उपाय होता नवीन बायोस. ऑक्टोबर २०२४ मध्ये विंडोज ११ चं २४एच२ आलं, तेव्हा वेस्टर्न डिजिटलच्या काही एसएसडी असलेल्या यंत्रांवर निळा पडदा येऊ लागला. तिथे एसएसडीचं फर्मवेअर बदलावं लागलं.

चार प्रसंग, चार वेगळी कारणं. या चारही यंत्रांवर फॉरमॅट मारून तेच विंडोज पुन्हा टाकलं असतं, तर तोच त्रास तसाच परत आला असता. फाइली मात्र परत आल्या नसत्या.

आणखी मोठं उदाहरण घ्या. १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एका दिवसात बंद पाडले. ते विंडोजचं स्वतःचं अपडेट नव्हतं, पण पडद्यासमोर बसलेल्या माणसाला फरक जाणवण्यासारखा नव्हता. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. आणि औषध काय होतं? सेफ मोडमध्ये जायचं, एक फाइल काढायची, रिस्टार्ट करायचं. कारण कळलेलं होतं म्हणून उपाय एका फाइलीपुरता राहिला.

मग कारण शोधायचं कसं? क्रमाने.

पहिलं, लॅपटॉप संथ झालाय की खरोखर गोठलाय, हे ठरवा. मोठ्या अपडेटनंतर विंडोज मागच्या बाजूला बरंच काम करत असतं: फाइलींची सूची नव्याने बांधणं, डिफेंडरची तपासणी, ॲप्सची अपडेट. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर हे काम फार जड जातं. माउस उशिरा का होईना हलतोय, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसतेय, तर चार्जर लावून काही तास तसाच राहू द्या. पुष्कळ लॅपटॉप एवढ्यानेच ताळ्यावर येतात.

खरंच गोठला असेल तर कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतोय, विझतोय? म्हणजे आतली यंत्रणा जिवंत आहे आणि बहुधा पडदाच अडकलाय. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि उघडं काम वाचू शकतं. दिवा दाद देत नसेल तर पॉवरचं बटण दाबून धरून बंद करण्याशिवाय पर्याय नाही. मात्र ‘अपडेट चालू आहे, बंद करू नका’ असा मजकूर पडद्यावर असताना घाई करू नका. टक्केवारी बराच वेळ एका आकड्यावर थांबणं नेहमीचं आहे.

पुढच्या वेळी सुरू झाला की सगळ्यात आधी फाइली बाहेर काढा. पेन ड्राइव्ह, बाहेरची डिस्क, क्लाउड, जे हाताशी असेल ते. दुरुस्ती नंतर. हा क्रम उलटा झाला की नुकसान होतं, कारण अनेकदा गुन्हेगार अपडेट नसतंच. मोठं अपडेट डिस्कवर कित्येक जीबी लिहितं, हलवतं, पुसतं. आधीच दम तोडत असलेली डिस्क नेमकी त्या ताणाखाली उघडी पडते. अशा डिस्कवर तासन्‌तास दुरुस्तीच्या कमांड चालवत बसलात, तर उरलेला डेटाही हातचा जाईल.

फाइली सुरक्षित झाल्या की पुरावा वाचा. स्टार्ट मेन्यूत ‘रिलायबिलिटी’ टाइप केलं की दिवसागणिक आलेख उघडतो. कोणत्या तारखेला कोणतं अपडेट बसलं, कोणता प्रोग्रॅम कोसळला, लाल फुल्या कधीपासून पडायला लागल्या, सगळं त्यात आहे. फुल्या अपडेटच्या आधीपासूनच असतील तर अपडेटला दोष देणं सोडा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दाखवून कुणी म्हणालं की हेच कारण, तर विश्वास ठेवू नका. लॅपटॉप नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढंच ती नोंद सांगते. बटण दाबून बंद केला की ती येतेच.

मग सेफ मोड. लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून धरा आणि रिस्टार्ट निवडा, दुरुस्तीचा मेन्यू उघडेल. सेफ मोडमध्ये विंडोज अगदी मोजके ड्रायव्हर घेऊन चालतं. तिथे लॅपटॉप तासभर सुरळीत चालला, तर संशय बाहेरून आलेल्या ड्रायव्हरवर किंवा सुरू होताना आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमवर: ग्राफिक्स, वाय-फाय, आवाज, एकावर एक टाकलेले दोन अँटिव्हायरस, डिजिटल सहीच्या टोकनचं जुनं सॉफ्टवेअर. तिथेही अडकला, तर रॅम, डिस्क आणि पंख्यात साचलेली धूळ तपासा. अर्ध्या शक्यता एका चाचणीत बाद होतात. फॉरमॅटला लागतो त्याहून कमी वेळ यात जातो.

पुढचा नियम कडक आहे: एका वेळी एकच बदल. डिव्हाइस मॅनेजरमधून ग्राफिक्स ड्रायव्हर मागच्या आवृत्तीवर न्या, मग थांबून बघा. नाही जमलं, तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचाच ड्रायव्हर आणि बायोस घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ असं सांगणारी फुकट सॉफ्टवेअर घेऊ नका. सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली असेल तर जागा करा. सिस्टिम फाइली बिघडल्याचा संशय असेल तर विंडोजचीच दोन अवजारं आहेत, आधी ‘डिझम’ आणि मग ‘एसएफसी’. पाच गोष्टी एकदम केल्या आणि लॅपटॉप सुधारला, तर कशाने सुधारला ते कळणार नाही, आणि पुढच्या महिन्यात तुम्ही पुन्हा तिथेच उभे राहाल.

एवढं करूनही बोट अपडेटकडेच जात असेल, तर अपडेट काढा. मासिक अपडेट ‘अपडेट हिस्ट्री’तून काढता येतं. विंडोज सुरूच होत नसेल तर दुरुस्तीच्या मेन्यूतूनही काढता येतं. मोठं आवृत्ती-अपडेट मागे घ्यायला ‘गो बॅक’ आहे, फाइलींना हात न लावता. पण त्याला १० दिवसांची मुदत आहे, आणि जुनं विंडोज ज्या फोल्डरमध्ये जपलेलं असतं तो फोल्डर ‘जागा अडवतो’ म्हणून कुणी पुसला, तर तो रस्ता त्याच क्षणी बंद होतो. म्हणून अपडेटनंतरचे पहिले दहा दिवस डिस्क साफ करण्याचे नाहीत, लॅपटॉपकडे बारकाईने बघण्याचे आहेत.

आता बिटलॉकर, कारण इथे लोक अक्षरशः रडतात. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बहुधा बिटलॉकरने कुलूपबंद असते. काही गडबड झाली की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. जुलै २०२४ च्या सुरक्षा अपडेटनंतर काही संगणकांनी ती विनाकारण मागितली, आणि मायक्रोसॉफ्टने ऑगस्टच्या अपडेटमध्ये ती चूक दुरुस्त केली. क्राउडस्ट्राइकच्या वेळीही कित्येक कार्यालयांत उपाय ठाऊक होता, पण सेफ मोडपर्यंत पोचायला ही की हवी होती. ती सहसा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. कोणाच्या खात्यात? लॅपटॉप घेताना ‘मी सेट करून देतो’ म्हणत दुकानातल्या मुलाने स्वतःचा ईमेल टाकला असेल, तर तुमच्या घराची किल्ली त्याच्या खिशात आहे. आज संध्याकाळी आपलं खातं तपासा. ते ४८ आकडे कागदावर उतरवा आणि तो कागद घराच्या दस्तऐवजांसोबत ठेवा.

एका सल्ल्याचा मला फार राग येतो: ‘अपडेट कायमचं बंद करून टाका.’ जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा हल्ला जगभर पसरला आणि आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. ज्या फटींतून तो पसरला त्यातली एक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. मे महिन्यातला वॉनाक्रायही त्याच फटीतून घुसला होता. तेव्हा अपडेट घ्यायचंच. फार तर आठवडाभर थांबून घ्या. ‘पॉज’चं बटण त्यासाठीच आहे आणि ते पाच आठवड्यांपर्यंत चालतं. परीक्षा, निविदा, विवरणपत्राची शेवटची तारीख समोर असेल तर ते जरूर दाबा, आणि काम झालं की आठवणीने काढा.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांनी नोंदणी केल्यास त्यांना सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. तरीही विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या जुन्या लॅपटॉपवर आडवाटेने विंडोज ११ टाकून दिलं जातं. अशा यंत्रांना ड्रायव्हर मिळण्याची खात्री नसते. ती पुढे गोठली तर दोष यंत्राचा नाही, ते टाकणाऱ्याचा आहे. ग्राहकाला हा धोका आधी सांगायला हवा.

फॉरमॅटची वेळ कधीच येत नाही, असं मी म्हणत नाही. विंडोज इतकं बिघडतं की दुसरा मार्ग उरत नाही, असे लॅपटॉप असतात. पण तिथेही आधी फाइली काढायच्या, मालकाची लेखी परवानगी घ्यायची, आणि बिलावर ‘विंडोज टाकलं’ या दोन शब्दांसोबत कारण लिहायचं. मन लावून काम करणारे दुरुस्तीवाले आजही हे करतात. लॅमिंग्टन रोडवर तसे आहेत, तालुक्याच्या बाजारपेठेतही आहेत. कारण शोधायला त्यांचा तासभर जातो. त्या तासाचे पैसे त्यांना घासाघीस न करता द्या. निदानाला किंमत नसेल तर कुणी निदान करणार नाही, हे ग्राहकांनीही समजून घ्यायला हवं.

सगळ्यात मोठी जबाबदारी मात्र मायक्रोसॉफ्टची. मागे फिरण्याची १० दिवसांची मुदत एका कमांडने ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, ही सोय विंडोजमध्येच आहे. मग ती कमांड ठाऊक असलेल्यांपुरतीच का? सगळ्यांना साठ दिवस द्या. अपडेटमध्ये दोष सापडला की ते ज्या-ज्या लॅपटॉपवर उतरलं असेल, त्याच्या पडद्यावर सूचना दाखवा, मालक जी भाषा वाचतो त्या भाषेत: कोणता दोष, कोणत्या यंत्रांवर, दुरुस्ती कधी, तोवर काय करायचं. लाखो घरांत रात्रीतून शिरून यंत्र बदलण्याचा अधिकार ज्यांनी स्वतःकडे घेतला, त्यांनी सकाळी उठून त्याचा हिशेब द्यायलाच हवा.