धड तेच, मुंडके नवे

चौकातल्या फ्लेक्सवर हात जोडून उभ्या असलेल्या भावी नगरसेवकाला जरा निरखून पाहावे. शुभ्र सदरा, गळ्यात उपरणे, मनगटावर जाड कडे. हेच धड गेल्या महिन्यात पलीकडच्या पक्षात होते! डीटीपीवाल्याकडे असे एक धड कायम तयार असते. फोटोशॉपच्या लॅसोने डोके कापायचे, कडांना थोडे फेदर द्यायचे आणि पेस्ट. उपरण्याचा रंग बदलायला मिनिटभर लागते. निष्ठा बदलायला तेवढेही लागत नाही. खाली शुभेच्छुकांची रांग. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ऊन वेगळ्या दिशेने पडलेले, कारण प्रत्येकाचा सूर्य वेगळा.

उगाच नावे ठेवू नयेत, परंपरा थोर आहे. अब्राहम लिंकन यांचे डोके जॉन कॅल्हून यांच्या धडावर बसवलेले चित्र प्रसिद्धच आहे, आणि हे कॅल्हून म्हणजे गुलामगिरीचे कट्टर समर्थक. फोटोशॉप बाजारात आले त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९९० साली. म्हणजे धडाच्या पक्षांतराला सॉफ्टवेअरची वाट पाहावी लागली नव्हती. पुढे २००८ मध्ये इराणने क्षेपणास्त्र चाचणीचा फोटो प्रसिद्ध केला. त्यात चार क्षेपणास्त्रे झेपावताना दिसत होती. त्यातले एक शेजारच्यांचे तुकडे जोडून बनवलेले निघाले, धुरासकट. दारूगोळ्यात एवढी काटकसर दुसऱ्या कोणत्या सैन्याला जमली असेल?

आपल्याकडे हा प्रयोग सभेच्या गर्दीवर होतो. गांधी टोपीतले एकच काका मैदानात तीन ठिकाणी बसलेले असतात, आणि तिन्ही ठिकाणी जांभई देत असतात.