शेठचे पाय

यंत्रमागाच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या मागाच्या, धंद्यावर ज्या वस्त्यांच्या दोन-तीन पिढ्या पोसल्या गेल्या, त्यांपैकी भिवंडीच्या निजामपुऱ्यात एक विशिष्ट मानवी प्रकार पूर्णत्वाला पोहोचलेला आढळतो आणि अभ्यासाच्या सोयीसाठी त्याला ‘निवृत्त शेठ’ असे म्हणता येईल. निवृत्ती हा शब्द येथे सैल अर्थाने घ्यावा लागतो, कारण कारखाना मुलाच्या हाती सोपवल्यानंतरही ‘बीम चढला का?’ ही चौकशी दिवसातून तीनदा केल्याशिवाय या व्यक्तीला जेवण जात नाही (बीम म्हणजे ताण्याचे सूत गुंडाळलेला, मागाच्या पाठीमागे बसवला जाणारा भला मोठा रूळ). शेठ आगरी असोत, पद्मशाली असोत, कोकणी मुसलमान असोत वा मारवाडी, त्यांचे एक विधान सर्वत्र सारखे आढळते: ‘चालायचं काय सांगता, आपली सगळी हयात मागावर उभं राहण्यात गेली.’

या विधानाची छाननी केल्यास असे दिसते की मागावर उभे राहणारा मनुष्य निराळा होता. भिवंडीच्या पद्धतीप्रमाणे एक कारागीर चार ते आठ माग सांभाळतो आणि बारा तासांच्या पाळीत तुटलेला धागा सांधत, संपलेली कांडी बदलत (कांडी म्हणजे धोट्यात बसणारी बाण्याच्या सुताची लहान नळी) मागांमधल्या अरुंद बोळांतून अखंड फिरत असतो. या काळात शेठ दर्शनी खोलीतल्या गादीवर बसून ताग्यांचा हिशेब पाहतात. कापडाचे गठ्ठे हमालाच्या पायांनी टेम्पोपर्यंत जातात, चहा पोऱ्याच्या पायांनी येतो आणि शेठ स्वतः घरापासून कारखान्यापर्यंत रिक्षाने जातात. मात्र वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर घडलेले हे चालणे हळूहळू पाहणाऱ्याच्या खात्यावर जमा होत जाते आणि साठीनंतर ती सारी पायपीट आपणच केली, अशी प्रामाणिक समजूत होऊन बसते. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम म्हणून शेठ वऱ्हाळा तलावावर फिरायला जातात, तेही रिक्षाने, आणि तेथे पोहोचल्यावर फिरणाऱ्यांचे निरीक्षण करता येईल अशा बाकावर बसतात.

अशा व्यक्तीला मुले लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसानिमित्त तांबड्या समुद्रातल्या क्रूझवर पाठवतात. हॉटेलासारखे जहाजच रात्री प्रवास करते आणि दिवसा एखाद्या बंदराला लागून प्रवाशांना सहलीसाठी उतरवते, असा या प्रकाराचा सारांश आहे. प्रत्येक सहलीपुढे किती श्रम पडतील हे दाखवणारी खूण असते आणि जॉर्डनमधील पेट्रा या प्राचीन नगरीच्या सहलीपुढे सहसा सर्वांत कष्टाची खूण आढळते. सुताचा नमुना दाखवताना व्यापारी नेहमी चढवूनच बोलतो, हे ज्ञात असल्यामुळे शेठ त्या खुणेतून निम्मे श्रम मनातल्या मनात वजा करतात. तयारी म्हणून ते कल्याणहून पांढरेशुभ्र बूट आणतात आणि मळू नयेत म्हणून ते पेट्राच्या दिवसापर्यंत खोक्यातच ठेवतात. न रुळलेला बूट वाळवंटातल्या पहिल्या दोन किलोमीटरांत टाचेचे काय करतो, याचा शोध त्यांना जागेवरच लागायचा असतो. दरम्यान, जहाजावर चढउतारासाठी लिफ्ट आणि खाण्यासाठी जवळजवळ दिवसभर मांडलेले बुफे असल्यामुळे अकाबा येईपर्यंत शेठच्या अंगचे उरलेसुरले चापल्यही सुस्तावलेले असते.

अकाबा हे जॉर्डनचे एकमेव बंदर असून तेथून पेट्रा सुमारे सव्वाशे किलोमीटरांवर, बसने दोन तासांच्या अंतरावर आहे. जाण्यायेण्यात चार तास गेल्यावर आणि जहाज कोणासाठी थांबत नसल्यामुळे संध्याकाळी वेळेआधी परतण्याची अट सांभाळल्यावर, सायंकाळच्या उन्हात निवांत फिरण्याची जी मुभा मुक्कामी प्रवाशाला असते ती क्रूझच्या प्रवाशाला राहत नाही. भर दुपारचे चारेक तास एवढेच त्याच्या वाट्याला येतात. त्या वेळात दरवाजापासून ‘खजिना’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, कड्यात कोरलेल्या सुमारे चाळीस मीटर उंच दर्शनी भागापर्यंत दोन किलोमीटर आणि पुढे खोऱ्याच्या सपाटीपर्यंत आणखी जवळपास तेवढेच अंतर कापायचे असते, म्हणजे परतीसह आठ किलोमीटर होतात. याहीपलीकडे डोंगरमाथ्यावर ‘अद-देर’, म्हणजे मठ, नावाची वास्तू आहे आणि तिच्याकडे खडकात खोदलेल्या सुमारे आठशे पायऱ्या जातात.

शारीरिक श्रमांच्या दृष्टीने या स्थळाचे खरे वैशिष्ट्य अंतरात नसून उतारात आहे. दरवाजापासून खजिन्यापर्यंतची वाट, आणि तिच्यातला ‘सिक’ हा सव्वा किलोमीटर लांबीचा अरुंद खडकाळ घळीचा भाग, जाताना खाली खाली जात असल्यामुळे पाय आपोआप पडतात, दोन्ही बाजूंच्या उंच कड्यांची सावली मिळते आणि शेठना स्वतःच्या प्रकृतीविषयी अवास्तव अभिमान वाटू लागतो. आयुष्यभर उधारीवर माल देणाऱ्या व्यापाऱ्याला हे ओळखता यायला हवे होते की उतार ही उधारी आहे आणि तिची वसुली दुपारी दोन वाजता, रेतीतून, चढावर, भरपेट जेवणानंतर होणार आहे. पण शेठचे लक्ष त्या वेळी घळीच्या भिंतीत कोरलेल्या पन्हळींवर असते. पेट्रा वसवणाऱ्या नबातियन लोकांनी, म्हणजे वाळवंटातल्या अरब व्यापारी जमातीने, झऱ्यांचे पाणी अशा पन्हळींतून नगरात आणून टाक्यांत साठवले होते, हे वाटाड्याने सांगताच सर्व सहप्रवासी छायाचित्रे काढण्यात गुंतलेले असताना निजामपुऱ्याचा हा एकटा नागरिक नेमका प्रश्न विचारतो: ‘पाणी किती वाजता सोडायचे?’

खजिन्यासमोर बेदुइन मुले, म्हणजे तेथील मूळच्या भटक्या जमातीची पोरे, ‘टॅक्सी, टॅक्सी’ असे ओरडत गाढवे पुढे करतात आणि शेठच्या व्यक्तिमत्त्वाचा गाभा या क्षणी प्रकट होतो. पाय दुखत असल्याचे ते कबूल करत नाहीत. ‘पोराचा धंदा व्हायला पाहिजे’ या उदार भूमिकेतून ते अर्धा तास घासाघीस करतात, आणि चालायला लागला असता तेवढा वेळ त्यात घालवून अखेर गाढवावर बसून मठाच्या पायऱ्यांकडे निघतात. शेठाणी या अवधीत शांतपणे पुढे निघून खोऱ्यापर्यंत जाऊन परत येतात, कारण निजामपुऱ्यातला बाजार, दवाखाना आणि नातेवाइकांची घरे त्यांनी खरोखरच पायी जोडलेली असतात. मात्र मागावर उभे राहिल्याचा दावा त्यांनी कधी केलेला नसल्यामुळे त्यांच्या पायांची नोंद कोणी ठेवलेली नसते. परतीच्या चढावर विजेवर चालणाऱ्या लहान गाड्या मिळतात आणि सिकच्या पुढच्या मोकळ्या टप्प्यासाठी तिकिटातच घोड्याची फेरी समाविष्ट असते. घोडेवाल्याला बक्षिसी द्यावी लागते हे कळल्यावर शेठ तत्त्वासाठी काही पावले पायी टाकतात आणि तत्त्व थकल्यावर बक्षिसी देतात.

अशा प्रवाशाची थट्टा करणे सोपे असले तरी इतिहासाची साक्ष त्याच्या बाजूने आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत खाडीपलीकडच्या कल्याणचे बंदर ‘कॅलिएना’ या नावाने येते आणि त्याच पुस्तकात नबातियन राजा मलिखस याच्या पेट्राकडे जाणाऱ्या वाटेचाही उल्लेख आहे, म्हणजे या दोन मुलखांचे नाव एकाच व्यापाराच्या वहीत लागलेले होते. इ. स. 106 मध्ये रोमन साम्राज्यात विलीन होण्यापूर्वी नबातियनांनी जी संपत्ती मिळवली ती धूप, ऊद आणि मसाले यांच्या वाहतुकीतून व जकातीतून मिळवली. वाळवंट तुडवले ते उंटांनी आणि उंटवानांनी, आणि खडकात नाव कोरले गेले ते मालकांचे. 1812 साली योहान लुडविग बुर्कहार्ट या स्विस प्रवाशाने अरबाच्या वेषात येऊन ही नगरी युरोपला पुन्हा दाखवली आणि 1985 साली ती जागतिक वारसा ठरली, तेव्हापासून तिचे वर्णन कलावंतांच्या आणि अभियंत्यांच्या दृष्टीने पुष्कळ झाले आहे. दुसऱ्याच्या पायांवर उभ्या राहिलेल्या वैभवाच्या दृष्टीने तिच्याकडे पाहण्याचा अधिकार मात्र निजामपुऱ्याच्या शेठला अधिक पोहोचतो; म्हणूनच गावी परतल्यावर ‘आठशे पायऱ्या चढून आलो’ असे ते सांगतात तेव्हा ते खोटे बोलत नसतात, धंद्याच्या जुन्या रिवाजाप्रमाणे गाढवाची मजुरी स्वतःच्या खात्यावर जमा करत असतात.